नवीन स्टाफ नर्ससाठी: वॉर्डात डॉक्टरांबरोबर काम कसं जमवायचं

नर्सिंग कॉलेजात औषधांचे डोस, कॅथेटर, ड्रेसिंग सगळं शिकवतात. रात्री दोन वाजता झोपेतल्या रेसिडेंटला, म्हणजे निवासी डॉक्टरला, फोन लावून नेमकं काय बोलायचं, हे मात्र फारसं कुणी शिकवत नाही. नोकरीच्या पहिल्या काही महिन्यांत जे बिनसतं, त्यातलं बरंचसं इथेच बिनसतं. हा लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या आणि महापालिकांच्या मोठ्या रुग्णालयांत नव्याने रुजू झालेल्या स्टाफ नर्ससाठी आहे. खासगीतही बहुतेक गोष्टी लागू पडतील. इंटर्न मंडळींनी नुसता शेवटचा भाग वाचला तरी चालेल, पण सगळा वाचला तर त्यांचंच भलं.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्याकडे उद्धटपणाची तक्रार फार होते, पण पेशंटचं खरं नुकसान आडून बोलण्याने होतं. ही काही फक्त आपली सवय नाही. १९६७ साली लिओनार्ड स्टाइन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने डॉक्टर आणि नर्स यांच्यातल्या एका ‘खेळा’वर लेख लिहिला होता. नर्सला काय करायला हवं ते कळलेलं असतं, पण ती ते थेट सांगत नाही. ती असं काही सुचवते की डॉक्टरला ते स्वतःलाच सुचल्यासारखं वाटावं. डॉक्टरही सल्ला मागितल्याचं न दाखवता सल्ला घेतो. १९९० साली स्टाइनने सहकाऱ्यांबरोबर पुन्हा लेख लिहिला आणि नर्सेसनी हा खेळ खेळणं सोडून दिल्याचं नोंदवलं. आपल्या वॉर्डांत तो अजून चालू आहे. ‘सर, मागच्या युनिटचे सर अशा वेळी अमुक द्यायचे’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. खाली जे लिहिलंय ते बहुतेक हा खेळ न खेळता काम कसं करायचं याबद्दलच आहे.

पहिली पायरी: माणसं आणि उतरंड ओळखा

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वॉर्डातल्या औषधांच्या कपाटाइतकीच माणसांची माहिती करून घ्या. आपल्या बाजूची उतरंड तुम्हाला माहीत आहेच: स्टाफ नर्स म्हणजे अधिपरिचारिका, वर इन्चार्ज सिस्टर म्हणजे परिसेविका, मग सहायक अधिसेविका आणि अधिसेविका, म्हणजे सगळ्यांच्या भाषेत मेट्रन. डॉक्टरांच्या बाजूला इंटर्न, मग जेआर-१, जेआर-२, जेआर-३ (पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचे ज्युनियर रेसिडेंट), त्यावर सीनियर रेसिडेंट, मग सहायक प्राध्यापक (बोलण्यात लेक्चरर), सहयोगी प्राध्यापक आणि युनिट हेड.

यातला इंटर्न एमबीबीएसची परीक्षा देऊन वर्षभराच्या सक्तीच्या पोस्टिंगवर असतो आणि दर काही आठवड्यांनी विभाग बदलतो. तो ऑर्डर लिहीत असेल तर कुणाच्या सांगण्यावरून लिहितोय हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. जेआर-१ हा वॉर्डाचा खरा गाडा ओढणारा. तो सगळ्यांत जास्त दमलेला असतो आणि सगळ्यांत जास्त बोलणी तोच खातो. निवासी डॉक्टरांची ड्यूटी सलग १२ तासांहून आणि आठवड्याला ४८ तासांहून जास्त नसावी असं १९९२ पासून केंद्राच्या कागदावर आहे. इमर्जन्सी डेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या डोळ्यांकडे बघितलंत की कागदाची किंमत कळेल. हे त्याच्या ओरडण्याचं समर्थन म्हणून सांगत नाही. चोवीस तास जागा असलेल्या माणसाने लिहिलेली ऑर्डर दोनदा वाचायची असते, एवढ्यासाठी सांगतेय.

पहिल्या दिवशी युनिटच्या रेसिडेंटना स्वतःचं नाव सांगा. ‘सर, मी या वॉर्डला नवीन आहे, माझं नाव अमुक, या महिन्यात माझी नाइट आहे.’ एवढंच. नाहीतर तुम्ही वर्षभर ‘ओ सिस्टर’ राहता आणि तो ‘ते उंच सर’ राहतो. वयाने लहान असला तरी रेसिडेंटला सर किंवा मॅडम म्हणायची पद्धत आहे, ती पाळा. त्याने तुम्हाला सिस्टर किंवा ब्रदर म्हणावं, अहो-जाहो करावं, हीही पद्धतच आहे. कुणी पहिल्याच दिवशी ‘ए, इकडे ये’ केलं तर त्याच दिवशी, शांतपणे, एकटं गाठून सांगा. महिनाभर चालवून घेतलंत तर मग सांगणं जड जातं.

त्याच आठवड्यात इन्चार्जना आणखी एक गोष्ट विचारून ठेवा: इथे कोण काय करतं? ब्लड कलेक्शन इंटर्न करतात की आपण? राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी) कोण टाकतं, पुरुष पेशंटचं कॅथेटर कोण, रक्ताची बॅग कोण लावतं? एकाच रुग्णालयात मेडिसिन आणि सर्जरीची रीत वेगळी असते. ‘हे माझं काम नाही’ यावरून होणारी निम्मी भांडणं ही माहिती नसल्यामुळे होतात. काही गोष्टी मात्र कुठेही तुमच्या नाहीत. ऑपरेशनची संमती घेणं, म्हणजे धोके समजावून सांगणं, डॉक्टरचं काम. तुम्ही फार तर साक्षीदार. मृत्यू जाहीर करणंही डॉक्टरचंच. ‘सिस्टर, फॉर्मवर सही तेवढी घेऊन ठेवा’ असं कुणी म्हटलं तर ‘सर, तुम्ही समजावून सांगा, मी सोबत थांबते’ हे उत्तर पाठ करून ठेवा.

दुसरी पायरी: राउंडला हजर राहा, नुसतं उभं नको

राउंडला ट्रॉली ढकलत मागे मागे जाणारी सिस्टर आणि राउंडमध्ये बोलणारी सिस्टर यांत फरक आहे. दुसरी व्हायला फारसं काही लागत नाही. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून ताबा, घेताना प्रत्येक पेशंटबद्दल एक ओळ वहीत लिहा: रात्रीत काय बदललं. राउंड त्या बेडपाशी आला की ती ओळ बोला. ‘मॅडम, सातच्या आजोबांनी काल दुपारपासून जेवण घेतलेलं नाही, पण इन्सुलिन तेवढंच चालू आहे.’ हे वाक्य लेक्चररला केस पेपरवरून कळणार नाही, कारण जेवणाचं ताट परत गेलं हे फक्त तुम्ही आणि मावशींनी बघितलेलं असतं.

पेशंटचं म्हणणं पोचवताना त्याचे शब्द कापू नका. पदव्युत्तर शिक्षणाच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे तुमचा जेआर-१ राजस्थानातून नाहीतर केरळातून आलेला असू शकतो. तो कामचलाऊ मराठी महिन्या-दोन महिन्यांत शिकतो, पण ‘जीव घाबरा होतोय’ याचा त्याला ‘पेशंट घाबरलाय’ असा अर्थ लागतो आणि तो धीर देऊन पुढे जातो. तेव्हा ‘सर, घाम सुटलाय, अस्वस्थ वाटतंय, शुगर आणि ईसीजी बघूया का’ हे तुम्हीच म्हणायचं आहे.

राउंड संपताना दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. पहिला: स्टॅट, म्हणजे ताबडतोब करायचं, काय काय आहे? स्टॅट ऑर्डर पेपरवर लिहून, पेपर बंद करून, रेसिडेंट निघून गेला तर ती ऑर्डर दुपारच्या औषधांच्या वेळीच उघडते. लिहिणाऱ्याने तोंडाने सांगायला हवं, पण तो विसरेल हे गृहीत धरून तुम्ही विचारा. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा: किती झालं तर कळवू? ‘या पेशंटचं बीपी किती खाली गेलं तर फोन करू? लघवी किती कमी झाली तर? ताप किती चढला तर?’ आकडा मिळाला की तो पेपरवर लिहून घ्या. मग रात्री फोन करू की नको असा प्रश्नच पडत नाही, आणि समोरचाही चिडू शकत नाही, कारण आकडा त्यानेच दिलेला असतो.

रात्रीच्या ड्यूटीत हेच थोडं आधी करा. दहाच्या सुमारास रेसिडेंट वॉर्डात फिरकतो तेव्हा यादी तयार ठेवा: कुणाला तापासाठी एसओएस (गरज पडली तर द्यायचं औषध) लिहिलेलं नाही, कुणाची आयव्ही फ्लुइडची ऑर्डर बाराला संपतेय, कुणाच्या शुगरप्रमाणे इन्सुलिनचा तक्ता लिहायचा राहिलाय. पाच मिनिटांत सगळं लिहून होतं. बाराला, दीडला आणि तीनला वेगवेगळे फोन केलेत तर चौथ्या, खऱ्याखुऱ्या फोनला उठायला तो वेळ लावेल. हे अन्यायाचं आहे, पण असंच होतं.

तिसरी पायरी: फोन

इथे जरा थांबू, कारण सगळं इथेच ठरतं.

नव्या सिस्टरचा नेहमीचा फोन असा असतो: ‘सर, चौदा नंबर जरा बरी वाटत नाहीये, तुम्ही एकदा येऊन बघता का?’ पलीकडून: ‘बीपी किती?’ ‘थांबा हं सर, बघून सांगते.’ मग पाच मिनिटं जातात, परत फोन, आता तो चिडलेला. चूक कुणाची यावर सकाळी चर्चा होते, पण चौदा नंबरच्या बाईची ती पाच मिनिटं गेलेली असतात.

फोन उचलण्यापूर्वी नाडी, बीपी, श्वासाचा वेग, सॅच्युरेशन, गरज असेल तर शुगर, आणि लघवीचं माप हातात हवं. श्वास मोजायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, चार्टवर सगळ्यांचाच २० लिहिलेला असतो. तब्येत बिघडायला लागली की वेग बदलणाऱ्या पहिल्या गोष्टींत श्वास असतो, म्हणून पूर्ण मिनिटभर मोजा. केस पेपर आणि ट्रीटमेंट चार्ट समोर उघडून ठेवा. पेशंट कोसळतच असेल तर अर्थात यातलं काहीच करत बसू नका. हाक मारा, ट्रॉली ओढा, दुसऱ्या कुणालातरी फोन करायला लावा.

बोलण्याचा एक क्रम आहे, त्याला एसबीएआर म्हणतात. अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांवर तो वापरायचे, तिथून कैसर पर्मनन्टे या आरोग्यसंस्थेमार्फत तो रुग्णालयांत आला. आत्ता काय चाललंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय, मला काय हवंय, असे त्याचे चार भाग. त्या क्रमाने तोच फोन असा होतो (पीएनसी म्हणजे बाळंतिणींचा वॉर्ड, पीपीएच म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव):

‘सर, पीएनसी वॉर्डातून बोलतेय, बेड चौदा. पल्स १२४, बीपी ९०/६०. तासापूर्वी ९६ आणि ११०/७० होतं. तासाभरात दोन पॅड पूर्ण भिजलेत, दोन तासांत लघवी ३० एमएल. सिझर होऊन चार तास झालेत, आधीचं हिमोग्लोबिन ८.६, ब्लड बँकेत एक बॅग क्रॉसमॅच आहे. मला पीपीएच वाटतंय. युटेरस सैल लागतंय, मसाज चालू केलाय, ऑक्सिटोसिनची ड्रिप चालू आहे, दुसरी लाइन लावतेय. तुम्ही आत्ता यायला हवंय. सीनियर मॅडमना तुम्ही कळवताय की मी कळवू?’

अर्ध्या मिनिटाच्या आसपास होतं हे. तिसरा भाग, ‘मला पीपीएच वाटतंय’, तिथे बहुतेक जणी अडखळतात. निदान करणं आपलं काम नाही, असं शिकवलेलं असतं. निदान करू नका, पण तुम्हाला काय वाटतंय ते म्हणा. शंका चुकीची निघाली तर डॉक्टर येऊन तसं सांगेल, त्यात कुणाचं काही जात नाही. आणि शेवटी मागणी स्पष्ट हवी. ‘येऊन बघता का’ यात न येण्याची सोय आहे. ‘आत्ता यायला हवंय’ यात नाही. ‘किती वेळात येताय’ हेही विचारून घ्या.

फोन झाला की वेळ घालून नोंद करा, आणि नोंदीत राग नको. ‘वारंवार कळवूनही डॉक्टर आले नाहीत’ हे वाक्य पुढे कुठल्याही चौकशीत तुमच्या कामाचं नाही. ‘०२:१० जेआर-१ यांना फोनवर पल्स १२४, बीपी ९०/६० कळवलं. ०२:२० पुन्हा फोन, उचलला नाही. ०२:२२ सीनियर रेसिडेंटना कळवलं. ०२:३० ला त्यांनी येऊन तपासलं.’ हे कामाचं आहे. यात कुणावर आरोप नाही, आणि काही लपवलेलंही नाही. वर कळवल्याबद्दल जेआर-१ दुसऱ्या दिवशी नाराज होईल. होऊ द्या. शक्य असेल तर त्याला आधी सांगा: ‘सर, तुम्हाला वेळ लागणार असेल तर मी मॅडमना फोन लावते.’ पाठीमागून केल्यासारखं वाटत नाही.

चौथी पायरी: तोंडी ऑर्डर

नियम पुस्तकात सोपा आहे: इमर्जन्सी सोडून तोंडी ऑर्डर घ्यायची नाही. प्रत्यक्षात रात्री फोनवर ऑर्डरी येतातच. घेतली तर तीन गोष्टी करा. ऐकताना लिहा, लिहिलेलं परत वाचून दाखवा, आणि डॉक्टरने ‘बरोबर’ म्हटल्यावरच फोन ठेवा. इंग्रजी आकडे फोनवर फार फसवतात; फिफ्टीन आणि फिफ्टी गोंगाटात सारखेच ऐकू येतात. म्हणून ‘वन फाइव्ह, पंधरा’ असं सुटं करून वाचा. औषधाचं नाव, मात्रा, कुठून द्यायचं, किती वेळात द्यायचं, चारही गोष्टी वाचा. सही बहुतेक ठिकाणी २४ तासांच्या आत घ्यायची असते. सकाळच्या राउंडलाच घ्या, नंतर तो ओटीत गेला की संध्याकाळपर्यंत सापडत नाही.

लिहिलेली ऑर्डर वाचता येत नसेल तर अंदाज बांधू नका, शेजारच्या सिस्टरला विचारूनही लावू नका. ज्याने लिहिली त्याला विचारा. डॉक्टरांनी औषधं जेनेरिक नावाने, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असं वैद्यकीय परिषदेच्या आचारनियमांत २०१६ पासून लिहिलेलं आहे. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही.

इन्सुलिनबद्दल वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे ४० युनिटची व्हायल (एका एमएलमध्ये ४० युनिट) आणि १०० युनिटची व्हायल किंवा पेन (एका एमएलमध्ये १००) दोन्ही चालतात. लाल टोपणाची सिरिंज ४०ची, नारिंगी टोपणाची १००ची. १०० वालं इन्सुलिन चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलंत तर पेशंटला दहाऐवजी २५ युनिट जातात. डॉक्टर ‘दहा युनिट द्या’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात व्हायल नसते, ती तुमच्या हातात असते. आणि ऑर्डरमध्ये इंग्रजी ‘यू’ आकड्याला चिकटवून लिहिला असेल तर तो शून्यासारखा दिसतो, १०चे १०० होतात. ‘सर, युनिट हा शब्द पूर्ण लिहा’ हे बिनदिक्कत सांगा.

पाचवी पायरी: ऑर्डर चुकीची वाटली तर

समजा पेपरवर लिहिलंय: ‘इंजेक्शन केसीएल एक अँप्युल आयव्ही स्टॅट’. तुम्हाला माहीत आहे की १० एमएलच्या अँप्युलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, ते कधीही सरळ शिरेत ढकलायचं नसतं, हृदय थांबू शकतं. लिहिणाऱ्यालाही माहीत असतं; घाईत त्याने अर्धंच लिहिलंय. इथे ‘सर, हे चुकलंय’ म्हणण्याची गरज नाही. ‘सर, किती एनएसमध्ये (सलाइनमध्ये) आणि किती तासांत लावू?’ असं विचारा. त्याला आपोआप पूर्ण लिहावं लागतं. साध्या वॉर्डात, हाताच्या लाइनमधून, तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटपेक्षा जास्त नको हा सर्वसाधारण दंडक तुमच्या लक्षात असेल तर पुढचं उत्तरही तपासता येतं.

आता कुणी म्हणेल, असा प्रश्न विचारणं म्हणजेही आडून बोलणं नाही का? जिथे ऑर्डर अपुरी आहे तिथे प्रश्न पुरतो. जिथे ती चुकीचीच आहे, उदाहरणार्थ पेनिसिलिनची ॲलर्जी पेपरवर लाल शाईने लिहिलेली असताना त्याच गटातलं ॲमॉक्सिसिलिन लिहिलंय, तिथे सरळ सांगा. पहिल्यांदा माहिती द्या: ‘सर, यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे.’ ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा काळजी बोलून दाखवा: ‘सर, मला हे द्यायला धोक्याचं वाटतंय.’ तरीही ‘द्या हो तुम्ही’ आलं तर तिसऱ्यांदा: ‘मी हे देणार नाही. मी सीनियर सरांना विचारते, तोवर थांबूया.’ आवाज तिन्ही वेळा तोच ठेवायचा, तो चढला की मुद्दा औषधावरून तुमच्यावर येतो. मग तुमच्या इन्चार्जना, रात्र असेल तर राउंडवरच्या सहायक अधिसेविकेला कळवा आणि नोंद करा. ‘डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दिलं’ हे उत्तर तुम्हाला वाचवत नाही. औषध देणारा हात तुमचा आहे आणि नोंदणीही तुमची आहे.

सगळंच धोक्याचं नसतं, हेही सांगायला हवं. डॉक्टरने सेफ्ट्रिअॅक्सोन लिहिलं आणि तुम्हाला दुसरं अँटिबायोटिक बरं वाटतं, हा वाद घालायचा विषय नाही. सगळ्याच गोष्टींवर हरकत घेणाऱ्या सिस्टरची एकही हरकत कुणी ऐकत नाही.

ऑपरेशन थिएटरात पोस्टिंग असेल तर तिथे तुमच्या शब्दाला वॉर्डापेक्षा जास्त वजन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेची १९ मुद्द्यांची चेकलिस्ट आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, असा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चीर देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलंय ना, हा त्यातला एक मुद्दा आहे. आपल्याकडे यावर हसतात. पण ज्याने सुरुवातीला तोंड उघडलंय तो पुढेही उघडतो. मॉप आणि गॉजची मोजणी जुळत नसेल तर ‘काउंट जुळत नाही, क्लोज करू नका’ म्हणा, समोर विभागप्रमुख असले तरी. सर्जन कुरकुरेल, पण थांबेल.

नातेवाइकांसमोर

नातेवाईक डॉक्टरला कमी आणि तुम्हाला जास्त विचारतात. ‘सिस्टर, वाचेल ना?’ रेसिडेंटने काय सांगितलंय हे माहीत नसताना उत्तर देऊ नका. तुम्ही ‘होईल बरं’ म्हणता, तासाने डॉक्टर ‘फार गंभीर आहे’ म्हणतो, आणि वॉर्डात गोंधळ सुरू होतो. ‘मी डॉक्टरांना बोलावते, ते सांगतील, मी इथेच आहे’ हे पुरेसं. आणि डॉक्टर वाईट बातमी सांगताना खरंच तिथे थांबा. तसंच पुरुष डॉक्टर बाईंना तपासत असेल तर तिथे स्त्री कर्मचारी हवीच; त्याने बोलावायची वाट न बघता पडदा ओढा आणि उभं राहा.

डॉक्टरची चूक नातेवाइकांसमोर काढू नका. त्यानेही तुमची काढू नये.

ओरडणं, आणि त्यापलीकडचं

रात्री अडीचला वैतागून एक वाक्य जास्त बोललेला माणूस आणि रोज राउंडला सिस्टरचा पाणउतारा करणारा माणूस वेगळे धरा. पहिल्याला सकाळी चहाच्या वेळी ‘सर, रात्री जास्तच बोललात’ एवढं म्हटलं तरी बहुधा पुरतं. तो भुकेला असतो, डब्यातली पोळी पुढे करा, वाद मिटतो. दुसऱ्याला पेशंटसमोर उत्तर देऊ नका. ‘सर, इथे नको, ड्यूटी रूममध्ये बोलू’ म्हणा आणि खरंच जाऊन बोला. सुधारला नाही तर तारीख, वेळ, कोण हजर होतं ते लिहून इन्चार्जमार्फत वर द्या. तोंडी तक्रारी चहाबरोबर विरतात.

लैंगिक स्वरूपाचं बोलणं, मेसेज, स्पर्श यांना यातलं काहीही लागू नाही, समजूत घालत बसू नका. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. समितीतल्यांची नावं नोटीस बोर्डावर असतात. ती आजच बघून ठेवा.

आपल्या बाजूचंही सांगते. काही जुन्या सिस्टर इंटर्न मुलींना जी वागणूक देतात ती बघवत नाही. फाइल मागितली की ‘शोधा तुम्हीच’, ग्लोव्हज मागितले की ‘इंडेंट (मागवलेला साठा) आलं नाही’. उद्या तीच मुलगी लेक्चरर होऊन येते आणि तिच्या मनात सिस्टर म्हणजे काय ते पक्कं झालेलं असतं.

इंटर्न आणि जेआर-१ यांच्यासाठी

वॉर्डाला आलात की आधी इन्चार्ज सिस्टरना भेटा आणि इमर्जन्सी ट्रे, सक्शन, अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) कुठे आहे ते त्यांच्याकडून बघून घ्या. लाइन लावल्यावर सुई पेशंटच्या गादीवर टाकून जाऊ नका. ज्याने वापरली त्यानेच ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात टाकायची. सिस्टरांच्या मनातून उतरण्याचं पहिलं कारण हेच असतं, आणि ती सुई बहुतेक वेळा मावशींच्या हाताला लागते.

स्टॅट लिहिलंत की तोंडाने सांगा. केस पेपर होता तिथे ठेवा. सिस्टर म्हणाली ‘मला हा पेशंट ठीक वाटत नाही’, आणि आकडे सगळे बरे दिसतायत, तरी जाऊन बघा. ती आठ तास त्याच्याजवळ आहे, तुम्ही राउंडला दोन मिनिटं होतात. जाऊन काही सापडलं नाही तरी ‘कशाला बोलावलं’ म्हणू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती विचार करत बसेल. आणि एखादी ऑर्डर का लिहिली ते एका वाक्यात सांगत जा. ‘यांचं सोडियम कमी आहे म्हणून पाणी मोजून द्यायचंय’ एवढं सांगितलंत तर नातेवाइकाने आणलेली नारळपाण्याची बाटली सिस्टर स्वतःहून बाजूला ठेवेल. न सांगता नुसतं ‘फ्लुइड रिस्ट्रिक्शन’ लिहिलंत तर ती बाटली ट्रेमध्ये तशीच राहील.